वगळलेलं करडू

एकविसाव्या दिवशी सकाळी बारा शेळ्यांची चोवीस करडं मोजून झाली आणि प्रत्येक जुळ्यातलं एक आईपासून उचलण्याचं काम सुरू झालं. कोणतं उचलायचं हे वजनसाहेबांनी आदल्या दिवशी चिठ्ठ्या टाकून ठरवलं होतं. माणसाच्या निवडीत पक्षपात शिरतो, अशी त्यांची ठाम समजूत होती. उचलायला मात्र माणसाचेच हात लागले. थोरली दोन्ही काखांत एकेक करडू घेऊन मधलं अंगण ओलांडून दुसऱ्या वाडग्यात, जाळीच्या कुंपणात, जात होती. करडांचे गुडघे तिच्या बरगड्यांवर आपटत होते. मागे शेळ्या जाळीला तोंड लावून ओरडत होत्या. सहाव्या खेपेला तिच्या दोन्ही बाह्या कोपरापर्यंत ओल्या झाल्या होत्या आणि दुधाचा आंबूस वास तिच्या अंगाला चिकटला होता.

वजनसाहेब हे त्या पशुसंशोधन प्रक्षेत्रावरचे संशोधक. त्यांचं खरं नाव दारावरच्या पाटीवर होतं आणि तिथंच राहिलं. दिसेल तो सजीव काट्यावर चढवायचा, या त्यांच्या सवयीमुळे गोठ्यातल्या बायकांनी त्यांचं बारसं नव्यानं केलं होतं.

पावसानं दोन वर्षं पाठ फिरवली होती. चारा दुरून आणावा लागे. प्रक्षेत्रानं आधी जनावरं कमी केली, मग रोजंदारीची माणसं. हा शेवटचा प्रयोग संपला की गोठ्यात एकच बाई ठेवायची आणि तिला कायम करायचं, असा कागद आला होता. उरल्या होत्या दोघी, थोरली आणि धाकटी, आणि त्या एकाच घरच्या सुना होत्या.

"धाकटे, तू आयांच्या वाडग्यात," मुकादम म्हणाला. "तिथं सावली आहे, फाटक जवळ आहे. अंगावर पिणारं पोर आहे तुझं. दुपारी पोराला पाजून येत जा."

"आणि मी?" थोरलीनं विचारलं.

"तू ही तोडलेली बघ. तुझा हात कडक आहे."

"दूध?"

"दूध नाही. भरडा आणि पाणी. साहेबांचा हुकूम." मग तो दोघींकडे बघून हसला. "आणि ऐका. नऊ आठवड्यांची झाली की शेवटचं वजन होईल. ज्या वाडग्याचा काटा जड, तिचं नाव मी वर पाठवणार. मग घरी जाऊन एकमेकींच्या झिंज्या उपटा, माझं काही म्हणणं नाही."

साहेबांनी त्याला असलं काहीही सांगितलं नव्हतं. कामगारांना प्रयोगाचा हेतू सांगू नये, म्हणजे निरीक्षण शुद्ध राहतं, एवढा एक नियम त्यांनी कसोशीनं पाळला होता. दूध लवकर तोडलं तर पिल्लाच्या आतड्याचं काय होतं, हे त्यांना पाहायचं होतं. दोन्ही वाडग्यांत फरक पडावा म्हणूनच ती दोन केली आहेत, हे त्या दोघींखेरीज प्रक्षेत्रावर प्रत्येकाला माहीत होतं. दोघींना एवढंच कळलं की शर्यत लागली आहे आणि तिच्या टोकाला कायमची भाकर आहे.

पहिले तीन दिवस तोडलेल्या करडांनी भरडा हुंगला आणि सोडून दिला. ती एकमेकांचे कान चोखत. थोरलीचं बोट दिसलं की बोट चोखत, आणि बोटातून काही येत नाही असं कळलं की डोकं मारत. पोट रिकामं राहिलं की ती थोडा भरडा खात, मग त्यांची पोटं फुगत. चौथ्या दिवशी हगवण लागली. थोरली बादली आणि चिंधी घेऊन एकेकाचं मागचं अंग पुसत होती. वाळलेली घाण केसांना धरून बसली होती. ती ओढताना कातडी सोलली जाई आणि करडू पाठीची कमान करून गप्प उभं राही. त्याच्यात ओरडायचंही त्राण नसे.

पलीकडच्या वाडग्यात धाकटीची करडं आईच्या कासेला धडका देत पीत होती. पिताना त्यांच्या शेपट्या वाटीएवढ्या जागेत भिरभिरत असत.

दुपारी सासू बाळाला घेऊन फाटकाशी आली. धाकटी दगडावर बसली, बाळाला छातीशी घेतलं. सासू तिच्या डोक्यावर सावली पडेल अशी उभी राहिली आणि हातातल्या पुठ्ठ्यानं वारा घालू लागली.

थोरली जाळीपलीकडून बघत होती. आठ वर्षांपूर्वी तिची मुलगी तीन महिन्यांची असताना याच प्रक्षेत्रावर तिला बोलावणं आलं होतं. तेव्हा हीच सासू म्हणाली होती, "फाटकापर्यंत रोज कोण येणार? माझे गुडघे बघ. तोड आता." तिनं छातीला कडू पाल्याचा रस लावला. पोर दोन दिवस तोंड वाकडं करून रडली, तिसऱ्या दिवशी पिठाचं पाणी प्यायली. थोरलीची छाती दगडासारखी झाली होती; तिनं आडोशाला बसून दूध मातीत पिळलं होतं. ती पोर आता आठ वर्षांची, हात काड्यांसारखे, पोट नगाऱ्यासारखं, आणि काहीही खाल्लं की पोट धरून बसणारी.

"आत्याबाई," थोरली जाळीतून म्हणाली, "गुडघे बरे झाले वाटतं."

"नातवासाठी होतात बाई," सासू म्हणाली.

"नातीसाठी नव्हते झाले."

"जुनं उकरू नकोस. तेव्हा दिवस वेगळे होते."

"दिवस तेच होते. सून वेगळी होती."

धाकटीनं मान खाली घातली. ती काही बोलली असती तर बरं झालं असतं. तिचं गप्प बसणंही थोरलीला पोटभर जेवलेल्या माणसाच्या ढेकरेसारखं वाटलं.

पहिल्या आठवड्याच्या वजनाला धाकटीचं प्रत्येक करडू वाढलं होतं. थोरलीच्या बारापैकी सात घटली होती.

"तुझ्या हाताला काय झालंय गं?" मुकादमानं सगळ्यांसमोर विचारलं. "की तूच खातेस भरडा?"

चारा उतरवणारे हमाल हसले. साहेबांनी मान वर केली नाही. ते आकडा लिहीत होते आणि आकडा त्यांना हवा तसाच होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक पांढरं करडू वाडग्याच्या कोपऱ्यात पाय ताणून पडलेलं सापडलं. साहेबांनी ते टेबलावर घेतलं आणि धरायला थोरलीला बोलावलं. त्यांनी पोट उभं चिरलं, आतडं बाहेर ओढलं, त्याचा हातभर तुकडा कापून उलगडला आणि पाण्यात धुतला.

"बघ," ते म्हणाले. ते शिकवायला लागले की त्यांचा आवाज मऊ होई. "इथं आतून मखमलीसारखी लव असते. खाल्लेलं अंगी लावते ती ही लव. ती झडली की पोट भरलेलं आणि अंग उपाशी."

थोरलीनं तुकडा बोटांत धरला. तो आतून गुळगुळीत होता, जुन्या झिजलेल्या कापडासारखा.

"कशानं झडते?"

साहेब थांबले. हेतू सांगायचा नव्हता. "बरीच कारणं असतात," ते म्हणाले.

"माणसाचीही झडते?"

"सस्तन प्राणी सगळे सारखेच गं. जा, हात धू."

मग त्यांनी नोंदवहीत लिहिलं की हे करडू सगळ्या वजनांपर्यंत न टिकल्यामुळे मोजणीतून वगळण्यात येत आहे. त्या संबंध प्रयोगातलं खरं बोलणारं एकच करडू होतं, ते अशा रीतीनं शास्त्राच्या बाहेर गेलं.

थोरलीनं हात धुतले. कारण साहेबांनी सांगितलं नसलं तरी ते कळायला तिला पदवी लागणार नव्हती. पण त्या क्षणी तिला त्या पांढऱ्या करडाची दया आली, असं म्हणणं खोटं ठरेल. तिच्या डोळ्यांसमोर धाकटीच्या करडांची आतडी होती, मखमली, लवदार, चोवीस तास दुधात भिजणारी. आणि त्यांच्या शेजारी, का कोण जाणे, फाटकावरच्या दगडाशी पुठ्ठ्याचा वारा खात पिणारं ते गुबगुबीत पोर.

त्याच दुपारी, धाकटी फाटकाकडे गेल्याबरोबर, तिनं मागची झडप उघडली आणि दोन करडं काखेत मारून आयांच्या वाडग्यात शिरली.

शेळीनं हुंगलं आणि लाथ मारली. नऊ दिवसांत तिनं आपलं लेकरू परकं ठरवलं होतं. थोरलीनं लहानपणापासून शेळ्याच राखल्या होत्या. आईजवळच्या जुळ्याची शेपटीखालची ओल तिनं बोटावर घेतली, तोडलेल्याच्या शेपटीला आणि कपाळाला चोळली, शेळीचं दावं आखूड धरलं आणि करडाचं तोंड सडाला लावलं. शेळी पुन्हा वळली, हुंगलं, थबकली. मग तिनं पाय जरा फाकवले. करडाचा गळा हलू लागला. थोरलीला तो घोट घोट आवाज ऐकू आला आणि तिच्या स्वतःच्या छातीत, आठ वर्षं कोरड्या, काहीतरी दाटून आल्यासारखं झालं.

त्यानंतर हे रोजचं झालं. पहाटे धाकटी यायच्या आधी सहा करडं, दुपारी ती फाटकाशी असताना पाच. आठवडाभरात शेळ्यांचं दावं धरायचीही गरज उरली नाही. हगवण थांबली. लेंड्या घट्ट, काळ्या पडू लागल्या. करडं भरडाही खाऊ लागली. काट्यानं थोरलीची बाजू घेतली.

बारा कासा आता तेवीस तोंडांत वाटल्या जात होत्या. धाकटीच्या करडांची वाढ मंदावली.

"ताई," ती एके संध्याकाळी घरी पाणी भरताना म्हणाली, "माझ्या शेळ्या पान्हा चोरतात का गं? सकाळी कास बघावी तर चिपाड."

"चारा कमी पडत असेल."

"चारा तोच आहे की."

"मग तुझं लक्ष कमी पडत असेल."

धाकटीला राग आला नाही. तिनं खरोखर विचार केला. "असेल," ती म्हणाली. "बाळाचे दात येतायत, झोप नाही होत. तू कशी गं सांभाळलीस एवढी अकरा? मला शिकव ना."

थोरलीनं घागर डोक्यावर घेतली आणि पुढे चालू लागली. शिकव म्हणते. सावली हिला, सासू हिला, दुपारचा अर्धा तास हिला, आणि वर शिकायला तोंडही हिलाच.

पुढच्या वजनाला दोन्ही वाडग्यांचे काटे जवळजवळ बरोबरीला आले. मुकादमाला कारण शोधायचं होतं आणि ते त्याला फाटकाशी सापडलं.

"उद्यापासून दुपारचं पाजणं बंद," तो धाकटीला म्हणाला. "आयांच्या वाडग्यात असून करडं वाढेनात? पोराच्या नादात गोठा उघडा टाकतेस."

"मुकादम, सात महिन्यांचं आहे हो ते."

"थोरलीनं तीन महिन्यांचं तोडलं होतं. मेली का तिची पोर? विचार तिला."

दोघांनी थोरलीकडे बघितलं. तिनं खराटा हलवत ठेवला. तिची पोर मेली नव्हती, हे खरंच होतं.

"नाही मेली," ती म्हणाली.

तिला वाटलं होतं की आता पोटातली आग शमेल. धाकटी दुपारी गोठ्यात उभी राहिली तेव्हा तिच्या अंगावरचं कापड दोन ठिकाणी ओलं होऊ लागलं. तिनं त्यावर गवताचा भारा धरला. थोरलीनं ते पाहिलं आणि तिला जे वाटलं ते समाधानाच्या इतकं जवळचं होतं की फरक कळायला तिला पुढचे कित्येक दिवस लागले. दुपारची चोरी मात्र बंद पडली. ती तिनं पहाटेत वाढवली.

घरी बाळ पातळ हगू लागलं. सासू त्याला वाटीनं पेज पाजी. धाकटी संध्याकाळी येऊन त्याला छातीशी धरी. ते दोन घोट घेई, मग तोंड फिरवून रडे. तिसऱ्या आठवड्यात कापडावरची ती ओल आली तशी गेली, दूध आटलं.

नऊ आठवडे भरले. शेवटचं वजन झालं आणि दोन्ही वाडग्यांतली चार-चार करडं कापली गेली. साहेबांनी आतड्यांचे तुकडे काचेखाली बघितले, पुन्हा बघितले, आणि मग त्यांनी थोरलीला बोलावून आपल्या खुर्चीत बसवलं. ही गोष्ट त्यांनी आजवर कुणासाठी केली नव्हती.

"एक डोळा मीट. दिसतं? ही लव. दूध तोडलं की झडते, असं सगळे लिहितात. तुझ्या करडांची बघ, आईजवळच्यांइतकीच उंच. काही फरक नाही! निगा नीट राखली तर एकविसाव्या दिवशी दूध तोडायला हरकत नाही, हे आपण सिद्ध केलं. केवढं दूध वाचेल माहीत आहे?"

थोरलीनं काचेत बघितलं. इवली इवली बोटं एकमेकांना लागून उभी होती, जोंधळ्याच्या दाट शेतासारखी. ती तिनं चोरून पेरली होती.

पंधरा दिवसांत दोन कागद निघाले. एका कागदानं, साहेबांच्या शिफारशीवरून, थोरली कायम झाली. दुसऱ्या कागदावर शेळी-करडाचं चित्र होतं आणि खाली ठळक अक्षरांत एकविसावा दिवस. तो गावोगाव दूध जमा करण्याच्या जागी चिकटवला गेला.

सासूनं तो वाचून घेतला आणि पाठच केला. बाळाला घेऊन धाकटी पुन्हा छातीशी लावायची धडपड करत होती, तेव्हा सासू म्हणाली, "कशाला जीव काढतेस? लवकर तोडलं तरी आतडं तस्संच राहतं. शिकलेल्या माणसानं लिहिलंय. आपल्या थोरलीच्याच हातून झालंय ना?"

"हो ना ताई?" धाकटीनं विचारलं. तिला खरंच कुणीतरी हो म्हणावं असं वाटत होतं. बाळाचा चेहरा म्हाताऱ्या माणसासारखा झाला होता.

थोरली उठून बाहेर गेली.

सकाळी ती साहेबांसमोर उभी राहिली. धाकटीला सांगण्यापेक्षा त्यांना सांगणं सोपं होतं. त्यांच्यावर तिचा काही राग नव्हता.

"साहेब, ती करडं तोडलेली नव्हती. मी चोरून पाजत होते. रोज."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. त्यांच्या चेहऱ्यावर प्रथम भीती आली आणि मग, फार शिकलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर जितक्या लवकर येते तितक्या लवकर, शांतता.

"किती दूध पाजलंस, मोजलं होतंस?"

"नाही."

"कुणी पाहिलं?"

"नाही."

"मग याची नोंद कशी करायची?" ते समजावणीच्या सुरात म्हणाले. "ज्याचं मोजमाप नाही ते मला लिहिता येत नाही. शिवाय अहवाल गेला आहे. तू दमली आहेस. कायम झालेल्या माणसानं असं काही बोलत फिरू नये. तुझ्याच हिताचं सांगतो."

"आणि तो कागद? लोक करडं तोडतायत. मरतील ती."

"काही मरतातच," साहेब म्हणाले. "तुझंही एक मेलं होतं."

ती परत आली तेव्हा धाकटी चुलीशी बसली होती. बाळ तिच्या मांडीवर पडलं होतं, डोळे उघडे, आवाज नाही. सासू अंगणात होती. थोरली दारातच उभी राहिली.

"तुझ्या शेळ्या पान्हा चोरत नव्हत्या," ती म्हणाली. "मी चोरत होते. माझ्या करडांना त्यांचं दूध पाजत होते. तू फाटकाशी बसायचीस तेव्हा."

धाकटीला समजायला वेळ लागला. तिनं बाळाचं पांघरूण नीट केलं, मग पुन्हा केलं.

"रोज?"

"रोज."

"मग मुकादमानं माझं पाजणं बंद केलं ते..."

"त्यामुळंच."

"आणि तू तिथं उभी होतीस. खराटा मारत."

"हो."

"का गं?" तिनं विचारलं. तिचा आवाज चढला नाही. "नोकरीसाठी? मला म्हणाली असतीस तर मी मागं सरले असते."

"म्हणूनच नाही म्हटलं," थोरली म्हणाली. "तू सरली असतीस. तेही तुझंच दिसलं असतं."

ती उंबरा ओलांडून आत आली. मग थोरली म्हणाली, "कागद खोटा आहे. लव झडते. मी हातात धरून बघितलीय. ह्याला अजून पाज. ओढत राहिला तर येतं दूध, शेळीचं येतं तसं. वेळ लागेल."

"तू नोकरी सोडणार?"

थोरलीनं उत्तर शोधलं आणि ते तिला सापडलं तेव्हा तिचीच तिला लाज वाटली. सोडली तर ती हिला मिळेल. "नाही," ती म्हणाली.

"नकोच सोडू. घरात दुसरं काय येतंय?" धाकटीनं बाळाला उचललं. "पण आजपासून माझं सगळं काम तुझं. पाणी, सरपण, चूल, धुणं, सगळं. गोठ्यात जायच्या आधी आणि आल्यावर. मी ह्याला घेऊन बसणार, इथून हलणार नाही. आणि आत्याबाईंना तू सांगायचंस. मी नाही."

थोरलीनं सांगितलं. सासूनं तिला काय म्हटलं ते शेजाऱ्यांनीही ऐकलं.

आठ दिवस बाळ कोरडं ओढत राहिलं, रडत राहिलं. धाकटीची छाती सोलली गेली. ती दात आवळून भिंतीला टेकून बसे. थोरली पहाटे चार खेपा पाणी आणी, चूल पेटवी, गोठ्यात जाई, येऊन धुणं बडवी. तिच्या तळहातांना नव्यानं फोड आले. धाकटी तिच्याशी कामापुरतं बोले आणि थोरली कामापुरतं ऐके. गावाबाहेरच्या वस्तीवर कुणाची चार करडं हगून मेली, अशी बातमी आली. त्यांनी कागदाबरहुकूम केलं होतं म्हणे, पण निगा नीट राखली नसणार.

नवव्या दिवशी सकाळी थोरली घागर घेऊन आत आली तेव्हा खोलीत रडणं नव्हतं. तिनं घागर उतरवली नाही, तशीच उभी राहिली. भिंतीकडून आवाज येत होता, घोट, मग श्वास, मग घोट. बाळाच्या ओठाच्या कोपऱ्यातून एक पांढरी रेघ हनुवटीवर उतरत होती. धाकटीचे डोळे मिटलेले होते आणि तोंड किंचित उघडं, ओझं उतरवलेल्या माणसासारखं. सासू तिच्या पाठीला उशी लावत होती.

कोपऱ्यात थोरलीची मुलगी पोट दाबून बसली होती आणि तीही तिकडेच बघत होती.

थोरलीला बरं वाटायला हवं होतं. हे तिच्याच सांगण्यावरून झालं होतं, तिच्याच पाण्यावर. पण पोटात तीच जुनी कळ उठली, कुठंही न झिजलेली, आणि तिनं ती ओळखली. तिनं रांजणात पाणी ओतलं, रिकामी घागर काखेत घेतली आणि मुलीला म्हणाली, "ऊठ. चल माझ्याबरोबर."

मुलगी उठली. दोघी दुसऱ्या खेपेला निघाल्या.